सोलापूरच्या थंडीत शोभेल अशी उबदार अद्भुतकथा कशी लिहावी

सोलापूरची थंडी ही रात्रीची थंडी आहे. डिसेंबर-जानेवारीत दुपारी पारा ३० अंशांच्या आसपास असतो, दोरीवरचे कपडे बघता बघता वाळून कडक होतात, आणि दिवस मावळला की काळ्या रानातील ऊब भराभर उतरू लागते व पहाटेपर्यंत पारा १५ अंशांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली जातो. जेवणे आटोपून मुले अंथरुणात शिरतात आणि कोणीतरी गोष्ट सांगावी म्हणून हट्ट धरतात, ती वेळ नेमकी ही ऊब उतरण्याची असते. घरातील माणसे, त्यांची एकमेकांवरची माया आणि एखादे छोटेसे नवल यांवर उभी राहणारी कथा या वेळेसाठी कशी लिहावी, याविषयी मला अनुभवातून जे उमगले ते येथे मांडत आहे.

काही वर्षांपूर्वी मी अशी पहिली कथा लिहिली तेव्हा तिच्यात भरपूर बर्फ पडत होता, भिंतीत विस्तव पेटलेला होता आणि खिडकीबाहेर सूचिपर्णी झाडे होती. माझ्या भाचीने ती शेवटपर्यंत शांतपणे ऐकली आणि मग विचारले, "मावशी, ती माणसं पांघरूण का घेत नाहीत?" तिच्या दृष्टीने थंडी म्हणजे कपाटावरून काढलेली चादर, तिला येणारा डांबरगोळीचा वास आणि आजीच्या पायांशी सरकून मिळवलेली जागा. माझ्या कथेतील थंडी वाचलेली होती, सोसलेली नव्हती. त्यामुळे पहिली सूचना ही की, थंडीची जी खूण तुमच्या स्वतःच्या अंगाला ठाऊक आहे तिच्यापासूनच आरंभ करावा. फुटलेले ओठ, पहाटे पितळी तांब्याला लागणारा हात, चुलीपुढे शेकताना पुढून तापलेले आणि मागून गारठलेले अंग, यांतील एक खूणही पुरेशी असते.

त्यानंतर कथानकाचा विचार करण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा: आज रात्री बाहेर कोण आहे? केवळ घरातील सुख रंगवून ऊब जाणवत नाही. कोणीतरी दाराबाहेर कुडकुडत आहे हे कळले की आतल्या चादरीला अर्थ येतो. सोलापूर जिल्ह्यात या प्रश्नाची उत्तरे शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. हिवाळा हा साखर कारखान्यांच्या गाळपाचा काळ असल्याने ऊसतोड कामगारांची कुटुंबे लेकराबाळांसह फडाशेजारी कोप्या घालून राहिलेली असतात. मेंढ्या रानात बसवून धनगर उघड्यावर राखण करतो. सिद्धेश्वरांच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत, होम मैदानावर दिवसभर पाळणा फिरवणारा माणूस गर्दी ओसरल्यावर तेथेच अंग टाकतो. माणूसच हवा असेही नाही. १८७१ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या हिप्परग्याजवळच्या एकरुख तलावावर हिवाळ्यात पट्टकादंब हंस येतात. हिमालय ओलांडून आलेला असा एखादा थकलेला पाहुणा चुकून गच्चीवर उतरला, तर कथा तेथूनच सुरू होते.

दाराबाहेर कोण आहे हे ठरले की दार लवकर उघडावे. आपल्याकडील चिमणी-कावळ्याची गोष्ट प्रत्येक घरात सांगितली जाते आणि तिची सारी गंमत दार न उघडण्यात आहे. कावळा भिजतो आहे आणि चिमणी बाळाची आंघोळ, तीटपावडर अशी एकेक सबब सांगते आहे. उबदार कथेने याच्या उलट वाटेने जावे. दार दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात उघडावे आणि खरी अडचण त्यानंतर सुरू व्हावी. घरात पांघरुणे चार आणि माणसे पाच. भाकरी मोजून केलेल्या. धाकट्याची उद्या परीक्षा. आणि आलेल्या पाहुण्याची भाषाही कोणाला कळत नाही. दया दाखवणे सोपे असते, ती रात्रभर निभावणे अवघड असते, आणि वाचकाचे मन त्या निभावण्यात गुंतते.

आता नवलाविषयी. नवल एकच असावे, हाताच्या आवाक्यातील असावे आणि त्याला एक अट असावी. उडणारे रथ आणि बोलणारे डोंगर एकाच कथेत आले की घर लहान वाटू लागते, आणि या प्रकारच्या कथेत घर लहान वाटून चालत नाही. मी माझ्या एका कथेचे उदाहरण जरा सविस्तर देते, कारण नवल वस्तूच्या घडणीतूनच कसे काढावे हे त्यावरून स्पष्ट होईल.

सोलापुरी चादरीची नक्षी जकार्ड या मागावरच्या यंत्रणेने विणली जाते. नक्षी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांमध्ये भोके पाडून साठवलेली असते आणि बाण्याच्या, म्हणजे आडव्या, प्रत्येक धाग्यासाठी एक पट्टी असते. जेथे भोक असेल तेथे सुई आत शिरते, तिच्याशी जोडलेला हुक उचलला जातो आणि त्याच्यासोबत ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर येतो. भोक नसेल तेथे धागा खालीच राहतो. या पट्ट्या दोऱ्याने एकमेकींना ओवून त्यांची लांबलचक माळ केलेली असते व ती मागाच्या वर फिरत राहते. शिवाय या चादरीच्या उलट बाजूलाही तीच नक्षी रंगांची अदलाबदल होऊन दिसते. ही माहिती समोर असताना मला वेगळी जादू शोधावी लागली नाही. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागावर रात्रपाळी करणारे एक ताता, म्हणजे तेलुगू घरातील आजोबा, आहेत. एक पट्टी फाटते म्हणून ते घाईत दुसरी तयार करतात आणि तिच्यात एक भोक जास्त पडते. सकाळी चादरीच्या कोपऱ्यात एक पक्षी उमटलेला असतो, जो कोणी काढलेला नव्हता. सुलट बाजूला तो मरून रंगाच्या जमिनीवर पांढरा दिसतो आणि उलट बाजूला पांढऱ्या जमिनीवर मरून रंगाचा दिसतो.

येथपर्यंत हे केवळ नवल आहे. अट घातल्यावर त्याची कथा होते. ही चादर एकट्याला ऊब देत नाही. एकटे पांघरून झोपले तर ती उन्हाळ्यातल्या पातळ धोतरासारखी वाटते, पण तिच्याखाली दुसऱ्या कोणाला घेतले की ती तापू लागते. आणि जितक्या रात्री ती वाटली जाते तितकी बोटे ती आखूड होते. अट अशी हवी की तिच्यामुळे चांगल्या माणसांनाही विचार पडावा. ही चादर थोरल्या लेकीच्या लग्नात द्यायची म्हणून आईने मनात ठेवलेली आहे, त्यामुळे गल्लीतील राखणदाराला ती द्यायला तिचा विरोध आहे, आणि तिचा विरोध खोटा नाही. या कथेत दुष्ट कोणी नाही. दोन माणसे आपापल्या परीने बरोबर असावीत आणि चादर एकच असावी, एवढ्यावर तीन-चार रात्रींचे प्रसंग सहज उभे राहतात.

नवल निवडताना देवाधर्माशी संबंधित गोष्टींबाबत मात्र विशेष जपावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. संक्रांतीच्या सुमारास भरणारी सिद्धेश्वरांची यात्रा ही सोलापूरच्या हिवाळ्यातील सर्वांत मोठी घटना आहे, आणि तिच्याशिवाय येथील थंडीची कथा अपुरी वाटेल हेही खरे आहे. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांनी स्थापन केलेली ६८ लिंगे, मानाचे सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतील मानकरी, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा आणि त्यामागची कुंभारकन्येची आख्यायिका, हे सर्व लोकांच्या श्रद्धेचे आहे. त्यात आपले नवल घुसवू नये आणि अडलेली कथा सोडवण्यासाठी देवाला बोलावू नये. तपशील अचूक ठेवावेत आणि आपली छोटी कथा सोहळ्याच्या कडेला, बांगड्यांच्या दुकानामागे किंवा तलावाच्या पायऱ्यांवर घडू द्यावी. आजोबांच्या खांद्यावर बसून अक्षता टाकणाऱ्या मुलीच्या मुठीत एक दाणा चिकटून राहिला, इतके सांगितले तरी वाचक पुढे काय होणार म्हणून थांबतो.

या भागातील आणखी एक सण अशा कथांना फार उपयोगी आहे. जिल्ह्याच्या अक्कलकोटसारख्या पूर्वेकडील भागात हिवाळ्यात वेळ अमावस्या साजरी होते. त्या दिवशी माणसे रानात जातात, कडब्याच्या कोपीत पूजा मांडतात, भज्जी, आंबील आणि भाकरी असे जेवण शेतातच होते आणि ज्यांचे स्वतःचे शेत नाही त्यांनाही आवर्जून बोलावले जाते. दाराबाहेरच्या माणसाला आत घेण्याचा प्रश्न येथे रीतीनेच सोडवलेला आहे, त्यामुळे नवल कोठे ठेवायचे एवढेच लेखकाला पाहावे लागते.

दया कशी दाखवावी, या प्रश्नाचे उत्तर मला हुरड्याच्या आगटीपाशी मिळाले. जमिनीत लहानसा खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवतात, त्यांचा निखारा झाला की कोवळ्या ज्वारीची कणसे त्यात खुपसतात आणि भाजलेले कणीस बाहेर काढून गरम असतानाच तळहातांवर चोळतात, कारण ते निवले की दाणे सहज सुटत नाहीत. मग फुंकर घालून कूस उडवतात आणि हिरवट, वाफाळलेले दाणे शेंगाचटणी व गुळाबरोबर पुढच्याच्या हातावर पडतात. बसलेले सगळे खात असतात, तारीफ करत असतात, आणि चोळणाऱ्याचे तळहात काळे व लाल झालेले असतात. तो सर्वांत शेवटी खातो, बहुधा तोवर चटणी संपलेली असते. तुमच्या कथेत शेवटी जेवणारे माणूस कोण हे शोधावे आणि त्याच्याकडे पाहावे. त्याच्या चांगुलपणाविषयी एकही विशेषण वापरू नये. "आजी फार प्रेमळ होती" या वाक्यापेक्षा आजीने आपल्या ताटातील भाकरीचा पापुद्रा काढून नातवाला दिला आणि स्वतः खालची जाड बाजू खाल्ली, हे वाक्य अधिक काळ लक्षात राहते.

घरातील माणसांची भाषा त्या घराचीच असू द्यावी. सोलापुरात एकाच गल्लीत मराठी, कन्नड आणि तेलुगू ऐकू येते. एका घरातील आजोबांना मूल आजोबा म्हणते, दुसऱ्या घरात अज्जा आणि तिसऱ्या घरात ताता. हे शब्द बदलून सगळ्यांना एकसारखे करू नये, आणि त्यांचा अर्थ वाक्यातच कळेल अशी रचना करावी. रुसवाफुगवाही असू द्यावा. ज्या कुटुंबात कोणी कोणावर रागावत नाही त्याची ऊब खरी वाटत नाही. आणि समेट घडवण्यासाठी तर आपल्या हिवाळ्यात तिळगुळाची तयार रीत आहे. दोन दिवस न बोललेले दोघे भाऊ एकाच वाटीत हात घालतात, इतकेच लिहावे आणि संवाद टाळावा.

भीतीचे प्रमाण सांभाळावे लागते. अंधार, चुकलेली वाट, परत न आलेले मांजर इतकी भीती झोपण्याच्या वेळेला पुरते, आणि ती वाढण्यापूर्वी ओळखीचा एखादा आवाज कथेत आणावा. माझ्या कथांमध्ये तो बहुधा मागाचा खडखडाट असतो, कारण तो ऐकू आला म्हणजे कोणीतरी मोठे माणूस जागे आहे हे मुलांना कळते. लांबी १२०० ते १५०० शब्दांच्या आत ठेवावी. मोठ्याने वाचताना याहून लांब कथेचा शेवट सहसा झोपलेल्या मुलालाच ऐकवला जातो.

शेवट ठरवताना मी चुकले होते आणि ती चूक सांगण्यासारखी आहे. चादरीच्या कथेच्या पहिल्या खर्ड्यात, जे जे तिच्याखाली झोपले होते ते सर्व एकेक धागा घेऊन येतात आणि चादर पुन्हा पूर्ण होते असे मी लिहिले होते. ते वाचायला गोड होते, पण त्यामुळे आधीच्या सर्व रात्रींची किंमत पुसली गेली. दिलेले सगळे परत मिळणार असेल तर देण्यात जड काय उरले? महिनाभर कथा तशीच ठेवली. नंतर जेव्हा चादरीची बोटे मोजत बसले तेव्हा लक्षात आले की तिला पूर्ण करण्याची गरजच नाही. थोरलीच्या लग्नाला ती आखूड झालेली चादर आई देत नाही, मात्र टाकूनही देत नाही. पुढच्या हिवाळ्यात ती मोठ्या माणसाच्या पायांपर्यंत पुरत नाही, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात ती शाळकरी मुलालाही अपुरी पडते, आणि ज्या रात्री ती पाळण्याएवढी होते त्या रात्री राखणदाराच्या घरी मूल जन्माला आलेले असते. आईच स्वतः ती चादर घेऊन जाते आणि पक्ष्याचा कोपरा बाळाच्या उशाशी येईल अशी घडी घालते.

खर्डा पूर्ण झाल्यावर तो दिवा मंद करून, खरोखर पांघरूण घेऊन बसलेल्या एखाद्या मुलाला वाचून दाखवावा आणि हातात पेन्सिल ठेवावी. मूल जेथे प्रश्न विचारेल तेथे समासात खूण करावी आणि उत्तर तोंडी देऊ नये. ते दुसऱ्या दिवशी कथेतच लिहावे. माझ्या भाचीने या वेळी एकाच ठिकाणी थांबवले. बाळ तर पाळण्यात एकटेच झोपणार, मग चादर तापणार कशी, असे तिने विचारले. दुसऱ्या दिवशी मी एक वाक्य वाढवले: पाळण्याची दोरी धरून बसलेल्या आजीने चादरीचे एक टोक आपल्या हातावर ओढून घेतले होते.