शेव्हेलमध्ये ४०० स्मॉल-ब्लॉक टाकल्यावरचं व्हायब्रेशन असं गेलं

१९७० ची शेव्हेल (शेव्हरलेची जुनी अमेरिकन गाडी), ३५० क्युबिक इंचाचं इंजिन काढून ४०० चं बसवलं (दोन्ही शेव्हरलेच्या स्मॉल-ब्लॉक V8 मालिकेतली) तर रेस वाढवली की स्टिअरिंगपासून सीटपर्यंत सगळं थरथरायचं, न्यूट्रलमध्येसुद्धा, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा संबंध नाही. इंजिन माउंट बदलले, प्लग बदलले, काही फरक नाही, डोकं उठलं होतं नुसतं.

कारण असं की ४०० एक्स्टर्नल बॅलन्सचं, म्हणजे क्रँकशाफ्टचा तोल बाहेरून लावलेल्या वजनाने साधतात, त्याला वजनवाला फ्लेक्सप्लेट (क्रँकच्या मागची, कन्व्हर्टर जोडायची चकती) आणि बॅलन्सर (क्रँकच्या पुढची, पुलीमागची जड चकती) दोन्ही लागतात, ३५० चे चालत नाहीत.

आधी बॅटरी, स्टार्टर काढा, टॉर्क कन्व्हर्टरचे (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जोडणारा भाग) बोल्ट सोडून गिअरबॉक्स मागे घ्या, ४०० चा फ्लेक्सप्लेट लावून ६ बोल्ट ६० फूट-पाउंडला आवळा. गिअरबॉक्स परत जोडताना बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं पुढचं कवच) हातानेच इंजिनला टेकलं पाहिजे आणि कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे, बोल्टने ओढून घेऊ नका, गिअरबॉक्सचा पंप फुटतो. मग पुली काढून जुना बॅलन्सर पुलरने काढा, ४०० चा ८ इंची बॅलन्सर इन्स्टॉलरने बसवा, हातोडा अजिबात नाही. टायमिंग पॉइंटरही (बॅलन्सरवरची टायमिंगची खूण वाचायचा काटा) ८ इंचवालाच लावा, नाहीतर टायमिंग चुकीचं दिसेल.