साबणच नाही तं हात कायनं धुवाचे? वर्गाचे आरोग्याचे नियम मुलांना ठरवू देताना या चुका टाळा

जून संपत आला की आमच्या विदर्भातल्या शाळा उघडतात. बाकी महाराष्ट्राच्या थोड्या मागून, कारण ऊन. पहिल्याच आठवड्यात भिंतीवर आरोग्याच्या नियमांचा तक्ता लागतो. वर मथळा ‘आम्ही ठरवलेले नियम’, खाली अक्षर सरांचं आणि नियम पुस्तकातले. असे तक्ते मी स्वतः पाच-सहा वर्षं लावले आहेत. केंद्रप्रमुख यायचे, शेरा चांगला मिळायचा, आणि त्याच तक्त्याखाली पोरं खिचडीला बसताना हात चड्डीला पुसायची.

मग एका वर्षी खरंच मुलांवर सोपवायचं ठरवलं. त्यातही चुका झाल्या, आणि जवळजवळ सगळ्या माझ्याच. मुलांनी नियम मोडला की त्या नियमात किंवा शाळेत काहीतरी अडलेलं असतं, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

पहिली चूक: उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारणं

“आरोग्यासाठी काय काय करावं, सांगा बरं,” असं विचारलं की पोरं घडाघडा सांगतात: रोज आंघोळ करावी, नखे कापावी, उघड्यावरचे पदार्थ खाऊ नये. ही पाठांतराची उत्तरं. गावात टँकर दिवसाआड येतो तेव्हा ‘रोज आंघोळ’ हा नियम वर्गाच्या हातातलाच नसतो.

मी आता हजेरीपट घेऊन बसतो. “मागच्या महिन्यात तुझे चार दिवस कशानं बुडाले?” मग खरं बाहेर येतं. हगवण, ताप, डोळे आले, दात ठणकला, वावरात पायाला काटा रुतला. फळ्यावर ही यादी लिहायची आणि पुढचा प्रश्न: यातलं शाळेत आल्यामुळे काय झालं, शाळेत काय थांबवता येईल? जे थांबवता येतं त्याचेच नियम. पाचाच्या वर जाऊ नका, आम्ही एकदा सतरा केले होते, सातवा कोणालाच आठवत नव्हता.

निवड चिंचोक्यांनी करतो. पाच-सहा डबे, प्रत्येकावर एका नियमाचं चित्र चिकटवलेलं, प्रत्येक पोराला तीन चिंचोके. पहिलीची लेकरंसुद्धा मत देतात. डबे मात्र पडद्याआड ठेवा. आमच्याकडे पहिल्या खेपेला ते टेबलावर उघडेच होते, सातवीच्या दांडग्या पोरानं चिंचोका ज्यात टाकला त्यातच मागच्या अकरा जणांनी टाकला.

साबण, तोटी आणि चोवीस मिनिटं

सगळ्यात जास्त नियम इथं मरतात. ‘जेवणाआधी साबणानं हात धुवायचे’ हा नियम आमच्या मुलांनी एकमतानं केला. तिसऱ्या दिवशी चौथीतली एक मुलगी ओले हात पुढे करून उभी. “सर, साबणच नाही तं हात कायनं धुवाचे?” साबण कावळ्यानं नेला होता. हसू नका, आमच्याकडे कावळे खरंच साबणाच्या वड्या पळवतात.

दुसरा साबण आणला, तरी पोरं धुवेनात. मग सहावीच्या मुलांना गणित घातलं. शाळेत 48 मुलं, चालू तोटी एक. साबण लावून नीट चोळायला 20 सेकंद, आधी-नंतर पाणी घ्यायला आणखी थोडा वेळ, म्हणजे एकाला अर्धा मिनिट धरा. 48 गुणिले अर्धा, 24 मिनिटं. शेवटच्या मुलाचा नंबर येईपर्यंत खिचडी गार. कोण थांबेल? मी पण थांबलो नसतो.

उपाय पोरांनीच काढला. बांबूच्या आडव्या दांडीला पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्या टांगल्या, बुडाजवळ तापवलेल्या खिळ्यानं भोक (हे काम मोठ्या माणसानं करायचं). झाकण सैल केलं की धार सुरू, घट्ट केलं की बंद. आठ बाटल्या, आठ जणं एका वेळी. साबण जुन्या मोज्यात घालून गाठ मारून लटकवला. कावळ्याला नेता येत नाही आणि वडी पाण्यात पडून विरघळतही नाही. बाटल्यांसाठी फवारणीच्या औषधाच्या बाटल्या-डबे अजिबात आणू देऊ नका, कितीही धुतलेले असले तरी. पोरं आणतात, घरी तेच समोर असतात. 2017 साली आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा हे समजावून सांगायला फार बोलावं लागत नाही. आमच्या मुलांनी तो पाचवा नियमच करून टाकला.

‘शुद्ध’ करताना नियमच बदलणं

मार्चमध्ये शाळा सकाळची होते, तरी दहा वाजता पत्रे तापतात. मुलांनी नियम सांगितला: “ज्याले तहान लागली त्यानं उठून पाणी प्यावं, इचारू नये.” मी तक्त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘तहान लागल्यास परवानगीने पाणी प्यावे.’ मला वाटलं, मी फक्त भाषा सुधारली. मुलांचा सगळा नियम ‘इचारू नये’ या दोन शब्दांत होता, आणि मी तोच खोडून उलटा करून ठेवला होता. आठवडाभर कोणी काही बोललं नाही. मग एकानं खडूनं ‘परवानगीने’वर काट मारली. कोणी ते मी विचारलं नाही.

यातली गोम तहानेपुरती नाही. विदर्भात सिकलसेलची (आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार) मुलं बऱ्याच शाळांत असतात, पूर्व भागात जास्त. त्या लेकरांच्या अंगात पाणी कमी पडलं की हातापायांत, पाठीत भयंकर दुखणं उठू शकतं. त्यांना लघवीलाही वारंवार जावं लागतं, कारण त्यांच्या मूत्रपिंडांना पाणी नीट धरून ठेवता येत नाही. अशा मुलानं दर वेळी हात वर करून सगळ्या वर्गासमोर कारण सांगायचं का? विचारायचं नाही हा नियम सगळ्यांना असला की कोणाला सिकलसेल आहे ते वर्गाला कळायची गरजच उरत नाही.

मुलींचं आणखी वेगळं. आमच्या सहावी-सातवीच्या मुली पाणीच पीत नव्हत्या. नियम होता, रांजण भरलेला होता, वगराळं होतं. त्यांच्याशी मी बोललो असतो तर काही कळलं नसतं, सोबतच्या मॅडमनी बसून विचारलं. मुलींच्या संडासाला कुलूप आणि किल्ली ऑफिसात, पुरुष शिक्षकांच्या टेबलावर. आता किल्ली वर्गाच्या दाराच्या मागं खिळ्याला असते. तक्त्यावर त्याबद्दल एक अक्षर नाही, मुलींनाच नको होतं.

भाषेबद्दल एवढंच सांगतो: मुलं बोलतात तसंच लिहा. मेळघाटात कोरकू असेल, गडचिरोलीकडे गोंडी किंवा माडिया. लिहिता येत नसेल तर चित्र काढा. व्याकरणाचा तास दुसरा असतो.

शिक्षा मुलांवर सोडू नका

मुलं नियम ठरवायला बसली की शिक्षेवर येतातच, आणि आपल्यापेक्षा कडक असतात. नखं वाढली तर पाच रुपये दंड. खोकलताना तोंडावर हात नाही ठेवला तर दहा उठाबशा. इथं मात्र तुम्ही मधे पडायचं. शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास यांना शिक्षण हक्क कायद्याच्या, 2009 च्या, कलम 17 नं बंदी आहे. मुलांनी मतदान करून दिली म्हणून ती चालत नाही. दंडाचं म्हणाल तर पाच रुपये नसलेलं पोर सरळ घरी राहतं. माय निंदणाला गेलेली, दुपारची खिचडीही बुडते.

शिक्षेऐवजी वस्तू ठेवा. नखं वाढली? खिडकीत नेलकटर आहे, काप. (वापरून झालं की साबणानं धुवायचं, हा पोटनियम.) 

याहून वाईट प्रकार आमच्याकडे झाला तो उवांचा. ‘ज्याच्या डोक्यात उवा त्यानं मागं बसायचं’ असा नियम आला, बहुमतानं पास. नाव कोणाचंच नव्हतं, पण सगळ्या माना एकाच मुलीकडे वळल्या. मी तो नियम तिथंच थांबवला आणि लोकशाहीबद्दल थोडं ऐकूनही घेतलं. उवा घाणीनं होत नाहीत, डोक्याला डोकं लागून जातात. स्वच्छ घरातल्या लेकराच्याही डोक्यात जातात. म्हणून वर्गातल्या सगळ्यांनी एकाच शनिवारी फणी करून घ्यायची, घरच्यांचीही त्याच दिवशी, असा नियम झाला. तेव्हापासून आमचा एक निकष आहे: नियम वाचून एखाद्याचं नाव डोळ्यासमोर आलं तर तो नियम बाद.

मंत्र्याचा फौजदार होतो

बालमंत्रिमंडळातला आरोग्यमंत्री वर्षभर एकच ठेवू नका. दर आठवड्याला बदला, आणि नखं तपासण्याऐवजी बाटल्या भरण्याचं काम द्या. बास.

लोहाच्या गोळीचंही थोडक्यात. लहानांची गुलाबी, मोठ्यांची निळी, आठवड्यातून एक. आमची पोरं ती खिशात घालून नाल्याजवळ फेकायची. कारण विचारल्यावर म्हणाली, मळमळते. परिपाठानंतर उपाशी पोटी देत होतो आम्ही! ‘गोळी खिचडीनंतरच’ असं मुलांनी ठरवलं, आणि शी काळी होते त्याला घाबरायचं नाही हेही आधीच सांगून टाकलं. नाला स्वच्छ झाला.

आणि माझा खर्रा

हे लिहायचं टाळणार होतो. मुलांच्या एका डब्यावर खर्र्याच्या (सुपारी-तंबाखू घोटून केलेला) पन्नीचं चित्र होतं, त्यात सगळ्यात जास्त चिंचोके निघाले. “शाळेत कोणीच खर्रा खाचा नाही.” मी खूश. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्यानंच बंदी आहे, पानठेल्याचा विषय ग्रामसभेत काढायचं ठरवलं. तेवढ्यात मागून आवाज: “सर, ‘कोणीच’ म्हंजे तुमी बी ना?”

खिशात घोटलेली पन्नी होती. पोरांना वास ठाऊक असतो, त्यांचे बाप-काके तेच खातात.

मी हो म्हणालो. पोळ्यापर्यंत पाळलं, पोळ्याला मोडलं, आणि मुलांनी दुसऱ्या दिवशीच ओळखलं. त्यांच्या पद्धतीप्रमाणे मलाही शिक्षा नव्हती, प्रश्न होता: “काहून खाल्ला?” उत्तर देताना जेवढी लाज वाटली तेवढी कुठल्या अधिकाऱ्यासमोर वाटली नाही. शाळेच्या आवारात आता खात नाही. बाहेरचं अजून सुटलेलं नाही, तेही त्यांना माहीत आहे. जो नियम तुम्हाला पाळायचा नाही त्याला होकार देऊ नका, आधीच वाद घाला. मुलांना ते चालतं.

तक्त्याला लॅमिनेशन करू नका

जुलैचा नियम डिसेंबरात चालत नाही. पावसाळ्यात चिखल आणि माश्या, दिवाळीनंतर कापूस वेचून आलेले हात आणि सर्दी, फाल्गुनापासून ऊन. आम्ही नियम रंगवलेल्या फळीवर खडूनं लिहितो आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पंधरा मिनिटं वाचतो. प्रश्न ‘कोणी मोडला’ असा नसतो, ‘का मोडला’ असा असतो.

मागच्या डिसेंबरात हात धुणं अचानक बंद पडलं. साबण होता, बाटल्या भरलेल्या होत्या, रांग नव्हती. कारण दुसरीतल्या पोरानं सांगितलं: “पाणी लई थंडं लागते जी.” रात्रभर टाकीत राहिलेलं पाणी सकाळी बाटल्यांत भरून आम्ही ते व्हरांड्याच्या सावलीत टांगत होतो. आता फळीवर पहिल्या नियमाखाली बारीक अक्षरात एक ओळ आहे: ‘थंडीत बाटल्या उन्हात टांगाच्या, परिपाठाआधी.’