आधी पावभाजी, मग गेम

पाच-सहा मित्र घरी येणार असतील तर पावभाजी बेस्ट, कारण भाजी दुपारीच करून ठेवता येते आणि मुरली की अजून भारी लागते, पाव मात्र सगळे आल्यावरच लोण्यात भाजा, आधी भाजून ठेवले की चिवट होतात. खाता खाता खेळू नका प्लीज, कार्डांना लोण्याचे हात लागले की डाग जातच नाहीत. कॅटान हा बोर्ड गेम साधा असेल तर चौघांपुरताच, त्यामुळे सहा जण असतील तर कोडनेम्स हा शब्द ओळखायचा गेम काढा, दोन टीम पडतात, कोणी नुसतं बघत बसत नाही. नियम वाचून दाखवण्यापेक्षा एक राउंड ट्रायल म्हणून खेळा, पटकन कळतं सगळ्यांना. कॅरम लावणार असाल तर बोरिक पावडर आहे का ते सकाळीच बघा.