डायल एकवर: इंदूरला विमाने टिपायला निघण्यापूर्वी

मागच्या डिसेंबरात पहाटेपासून तीन तास थंडीत उभे राहून मी घरी आणली ती एका विमानाची बावीस धूसर चित्रे, आणि त्यात दोष धुक्याचा नव्हता की लेन्सचा नव्हता. एटीआर ७२ या पंखेवाल्या छोट्या प्रवासी विमानाचा प्रोपेलर फिरताना दिसावा म्हणून शटरचा वेग मी १/१२५ सेकंदावर आणला होता. तो परत वाढवायचे राहून गेले आणि तिच्या मागोमाग एअर इंडियाचे नव्या रंगातले ए ३२० निओ हे जेट उतरले, ज्याची मी महिनाभर वाट पाहत होतो. पुढची यादी त्या सकाळमुळे लिहिली आहे, म्हणून तिच्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल. ती वाचून कंटाळा आला तरी चालेल.

बॅटरी, कार्ड, पाणी, टोपी ही नावे घेऊन सोडून देतो. ज्याला ही आठवण करून द्यावी लागते त्याने आधी दोनचार वेळा रिकाम्या हाताने परत यावे.

खरे काम आदल्या रात्री, घरी, दिव्याखाली करायचे आहे. कॅमेऱ्याच्या डायलवर आपल्या सेटिंग साठवण्याच्या जागा असतात, कोणाकडे त्या सी-१, सी-२ असतात तर कोणाकडे यू-१, यू-२. पहिल्या जागी जेट विमानांची सेटिंग ठेवावी: शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान, फोकस सतत पाठलाग करणारा, एकापाठोपाठ चित्रे, आणि एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजेड, दोन-तृतीयांश स्टॉप (उजेडाचे माप) वाढवलेले, कारण पांढरे विमान उजळ आकाशासमोर आले की कॅमेरा फसतो आणि सगळे करडे करून ठेवतो. दुसऱ्या जागी फक्त एटीआर. इथे हिशेब समजून घेणे फायद्याचे आहे. या विमानाचा प्रोपेलर सहा पात्यांचा असतो आणि उड्डाणाच्या वेळी मिनिटाला १२०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला वीस. १/१००० सेकंदात पाते जेमतेम सात अंश सरकते, म्हणून चित्रात ते थिजल्यासारखे दिसते आणि विमान हवेत बंद पडल्याचा भास होतो. १/२५० ला ते सुमारे २९ अंश सरकते. १/१२५ ला जवळपास ५८ अंश, आणि दोन पात्यांमधले अंतर ६० अंशांचे असल्यामुळे गरगरणारी पूर्ण चकती मिळते. मात्र त्या वेगाला हात डळमळला तर विमानही धूसर येते, म्हणून दहातले एखादेच चित्र साधेल हे गृहीत धरावे. शिवाय मंद शटरमुळे लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र लहान होते आणि सेन्सरवरचा धुळीचा प्रत्येक कण आकाशात काळा ठिपका होऊन उमटतो, त्यामुळे हवेच्या छोट्या रबरी पंपाने सेन्सर आदल्या रात्रीच फुंकून घ्यावा.

आणि एटीआर गेली की, ती नजरेआड होण्याच्या आत, डायल एकवर. काय टिपले ते पडद्यावर पाहण्याचा मोह आवरावा. मी नेमका तेव्हाच मान खाली घालून पाहत होतो.

दुसरा मुद्दा वाऱ्याचा. इंदूरच्या धावपट्टीच्या टोकांवर ०७ आणि २५ लिहिलेले असते, म्हणजे तिच्या दिशा साधारण ७० आणि २५० अंशांच्या आहेत, आणि विमाने वाऱ्याला सामोरी उतरतात व उडतात. विमानतळाच्या हवामान संदेशात, म्हणजे मेटारमध्ये, ०७००८केटी असे दिसले तर वारा ७० अंशांकडून ८ नॉटने येतो आहे आणि विमाने पश्चिमेकडून उतरण्याची शक्यता आहे. संदेशातली वेळ जागतिक असते, तिच्यात साडेपाच तास मिळवावे. वारा मंद असेल तर कोणतेही टोक वापरले जाऊ शकते, तेव्हा विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ वर आधीची दोन विमाने कुठून आली ते पाहून मगच घर सोडावे. धावपट्टी सुमारे पावणेतीन किलोमीटर लांब आहे. चुकीच्या टोकाला उभे राहिल्यावर धावत जाऊन काही हाती लागत नाही.

उन्हाबद्दल थोडक्यात: धावपट्टी जवळपास पूर्व-पश्चिम आहे आणि हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे असतो, म्हणून तिच्या दक्षिणेला उभे राहिल्यास प्रकाश पाठीमागून मिळतो. जूनमध्ये हा नियम मोडतो, कारण कर्कवृत्त आपल्या उत्तरेला आहे आणि सूर्य तेव्हा डोक्याच्याही किंचित उत्तरेला जातो. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर तापलेल्या डांबरावरची हवा थरथरते, आणि ती थरथर कितीही महाग लेन्सने जात नाही.

परवानगीच्या बाबतीत हुशारी करू नये. वायुयान नियम, १९३७ मधला तेरावा नियम लेखी परवानगीशिवाय सरकारी विमानतळावर छायाचित्रे काढू देत नाही. म्हणून बिजासन टेकडीसारख्या सार्वजनिक जागीच उभे राहावे, कुंपणाला चिकटू नये, ओळखपत्र वरच्या खिशात ठेवावे आणि कोणी हटकले तर वाद न घालता कॅमेरा खाली ठेवावा. ड्रोनचे नावही काढू नये. याच उत्साहात कोणी ग्वाल्हेरला जाणार असेल तर तिथे हवाई दलाचा तळ आहे. कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा.

जागेवर पोहोचल्यावर एक चाचणी चित्र, मग डायल एकवर आहे ना ते बोटाने चाचपून पाहणे. पोहे-जिलेबी परतताना खावी. पाकाचे बोट झूमच्या कड्याला लागले की ते कडे आठवडाभर कुरकुरते.

घरी आल्यावर चित्रे दोन ठिकाणी उतरवावी, शेपटीजवळचा व्हीटीने सुरू होणारा नोंदणी क्रमांक तारखेसह वहीत लिहावा, निवड दुसऱ्या दिवशी करावी. बॅटरी चार्जिंगला. डायल एकवर.