सात ठिकाणी सापडलेलं खोटं वाक्य

एम.ए.च्या लघुप्रबंधात मी मेकॉलेचं ते प्रसिद्ध वाक्य घातलं होतं. 'भारतभर फिरलो, एकही भिकारी दिसला नाही, एकही चोर दिसला नाही. या देशाचा कणा मोडायचा तर इथली शिक्षणपद्धती बदला.' खाली तळटीप: ब्रिटिश संसदेतलं भाषण, २ फेब्रुवारी १८३५. वाक्य सात ठिकाणी सापडलं होतं, त्यांत दोन छापील पुस्तकं. मी निर्धास्त होते.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी त्या तारखेवर पेन्सिल टेकवली. "या दिवशी मेकॉले कुठे होता?"

मला सांगता आलं नाही. तो १८३४ मध्येच भारतात आला होता आणि गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात कायदा सदस्य होता. मग लंडनच्या संसदेत भाषण कसं करेल? २ फेब्रुवारी १८३५ ही तारीख आहे त्याच्या शिक्षणविषयक टिपणाची, ज्याला आपण मेकॉलेचा खलिता म्हणतो. चांगल्या युरोपीय ग्रंथालयातला एक कप्पा भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या वाङ्मयाच्या तोडीचा, हे उद्दाम विधान त्यात आहे. भिकारी आणि चोर कुठेही नाहीत.

मी पडले ती जागा नीट दाखवते. घरी येऊन सातही संदर्भ उलगडत बसले. तिघांनी तळटीपच दिली नव्हती. तिघांनी एकमेकांचा हवाला दिला होता. सातव्याने नुसतं 'मेकॉले, १८३५' लिहिलं होतं. म्हणजे साक्षीदार सात नव्हतेच, एकच ऐकीव गोष्ट सात तोंडांनी बोलत होती. आणि तारीख खरी असल्यामुळे तिला चिकटलेलं वाक्यही खरं वाटत होतं. म्हणून माणूस, जागा, तारीख ही तिन्ही एकत्र जुळतात का ते आधी बघा. दहा मिनिटांचं काम आहे. मी ते केलं नाही, आणि माझ्या मार्गदर्शकांनीही न वाचता सही केली. सहीवर विसंबू नका.

नापास मात्र झाले नाही. प्रकरण दुरुस्त करून पुन्हा द्यायला सांगितलं, इतकंच. अशी चूक झाली म्हणून कुणाचं करिअर बुडत नाही, तेव्हा धीर सोडू नका.

'विकिपीडिया उघडूच नका' हे मला पटत नाही. उघडा, पण खालच्या संदर्भांसाठी. चॅटबॉटने दिलेली संदर्भसूची मात्र हरगिज चिकटवू नका. लेखक, नियतकालिक, पानं सगळं छान दिसतं आणि अनेकदा तो लेख कुणी लिहिलेलाच नसतो. नियतकालिकाबद्दल सिनिअर अजून 'केअर लिस्टमध्ये आहे ना, मग झालं' म्हणतात. मान्य नियतकालिकांची ती यादी विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २०२५ मध्ये बंद केली.

मेकॉलेचं टिपण एच. शार्प यांनी संपादित केलेल्या, १९२० साली कलकत्त्याहून निघालेल्या शैक्षणिक कागदपत्रांच्या पहिल्या भागात छापलेलं आहे. इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळतं, एका संध्याकाळी वाचून होतं.