फ्रीजरमधील बर्फ काढणे आणि फ्रीजरची निगा राखणे

फ्रीजरच्या भिंतींवर साचणारा बर्फ मुख्यतः बाहेरच्या हवेतून येतो. दार उघडले की दमट हवा आत शिरते, तिच्यातील बाष्प थंड पृष्ठभागावर गोठते आणि थर वाढत जातो. गरम किंवा उघडे पदार्थ ठेवल्यास त्यात आणखी भर पडते. बर्फातून उष्णता सहज वाहत नसल्यामुळे, थर जाड झाल्यावर आतले तापमान टिकवण्यासाठी कॉम्प्रेसरला जास्त वेळ चालावे लागते. म्हणून थर सुमारे ५ मिलिमीटर झाला की तो काढावा. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर बर्फ आपोआप वितळवतो, पण आतील डाग आणि वास काही आपोआप जात नाहीत, त्यामुळे त्यालाही सफाई लागतेच.

हे काम फ्रीजर जवळजवळ रिकामा असताना काढावे. उरलेले पदार्थ एकमेकांना चिकटून थंड पेटीत ठेवावेत किंवा वर्तमानपत्राच्या अनेक घड्यांत गुंडाळून जाड चादरीखाली झाकावेत. त्यानंतर प्लग काढावा; केवळ थर्मोस्टॅट बंद करणे पुरेसे नाही. खाली जुने टॉवेल अंथरावेत, दार उघडे ठेवावे आणि आत गरम पाण्याचे भांडे ठेवावे. भांड्याखाली लाकडी पाट किंवा घडी घातलेला टॉवेल असावा, म्हणजे प्लास्टिकला थेट चटका बसत नाही. पाणी निवाले की बदलत राहावे.

या टप्प्यावर अनेकांचा धीर सुटतो आणि हातात सुरी येते. तसे मुळीच करू नये. अनेक फ्रीजरमध्ये शीतक वायूच्या नळ्या भिंतीलगतच असतात. त्यांना एक बारीक भोक पडले तरी वायू निघून जातो आणि दुरुस्ती बहुधा परवडत नाही. आजच्या अनेक यंत्रांत वापरला जाणारा आयसोब्युटेन तर ज्वलनशील आहे. सैल झालेला बर्फ हाताने किंवा बोथट प्लास्टिकच्या पट्टीने अलगद सोडवावा. केस वाळवण्याचे यंत्र पाण्याच्या इतक्या जवळ वापरणे मला धोक्याचे वाटते.

बर्फ गेल्यावर १ लिटर कोमट पाण्यात २ मोठे चमचे खाण्याचा सोडा विरघळवून मऊ कापडाने भिंती, कप्पे व तळ पुसावा. कप्पे बाहेर काढून धुवावेत, मात्र काचेचे कप्पे थंडगार असताना त्यांवर गरम पाणी ओतू नये, ते तडकू शकतात. शेवटी सर्व भाग कोरडे पुसावेत, कारण उरलेले पाणीच पुन्हा बर्फ होते. रिकामा फ्रीजर सुरू करून आतील तापमान उणे १८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्यावरच पदार्थ परत ठेवावेत. बाजूला ठेवलेल्या पदार्थांत बर्फाचे कण शिल्लक असतील तर ते पुन्हा गोठवता येतात. पूर्ण वितळून कोमट झालेले मांस-मासे मात्र टाकून द्यावेत.

मागील बाजूस उघडी कॉइल असल्यास प्लग काढलेला असतानाच तिच्यावरची धूळ मऊ ब्रशने झाडावी.

सफाईनंतर थोड्याच दिवसांत बर्फ पुन्हा साचू लागला, तर दाराभोवतीचे रबर तपासावे. कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे. ती ओढताना अडली नाही, तर त्या जागी रबर नीट बसत नाही असे समजावे. आधी ते साबणाच्या पाण्याने पुसून पाहावे, कारण पुष्कळदा घड्यांत साचलेला मळच त्याला नीट बसू देत नाही. रबर कडक झाले असेल किंवा चिरले असेल, तर बदलून घ्यावे.