वनस्पतिजन्य कचऱ्याच्या कोळशाने पाण्यातील विषारी धातू कसे काढावेत

काडीकचऱ्याचा कोळसा, म्हणजेच बायोचार, वापरून पाण्यातील विषारी धातू काढायचे असतील, तर भट्टी पेटवण्याआधी पाण्याचे पृथक्करण करून घ्यावे, कारण कोळशावर कोणती प्रक्रिया करायची हे धातू पाण्यात कोणत्या रूपात आहे यावर ठरते. शिसे, कॅडमियम आणि तांबे बहुधा धनभारित आयनांच्या रूपात असतात व कोळशाच्या ऋणभारित पृष्ठभागाकडे ओढले जातात. आर्सेनेट, म्हणजे पाण्यात आढळणारे आर्सेनिकचे एक रूप, मात्र स्वतःच ऋणभारित असल्यामुळे साध्या कोळशाला फारशी दाद देत नाही; त्यासाठी कोळशावर लोहाच्या ऑक्साइडचा थर चढवावा लागतो. सर्व धातूंवर एकच कोळसा चालतो, हा दावा म्हणूनच संशयाने पाहावा.

भाताचे तूस, नारळाच्या करवंट्या, उसाची चिपाडे किंवा लाकडाचा भुसा यांपैकी जे हाताशी असेल ते धुऊन, पूर्ण वाळवून, झाकणबंद भांड्यात हवेचा शिरकाव होऊ न देता ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास एक-दोन तास तापवावे. निघणारा धूर ज्वलनशील व विषारी असतो, म्हणून हे काम उघड्यावर करावे आणि भांड्याला वायू बाहेर पडण्यासाठी लहान वाट ठेवावी. थंड झालेला कोळसा कुटून, चाळून, पाण्याने वारंवार धुवावा. राखेतील क्षार धुतले गेले नाहीत, तर ते पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लता-अल्कता दाखवणारा अंक, वाढवतात. मग धातू हायड्रॉक्साइड होऊन तळाशी बसतो आणि श्रेय कोळशाला मिळते.

शिशासाठी किंवा कॅडमियमसाठी असा धुतलेला कोळसा पुष्कळदा पुरतो. नायट्रिक आम्लाने त्याच्यावरील धातू धरून ठेवणारे कार्बोक्सिल गट वाढवता येतात, परंतु त्या प्रक्रियेत घातक वायू निघत असल्याने ती धूर ओढून घेणारी सोय असलेल्या प्रयोगशाळेतच करावी.

आर्सेनिकसाठी १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ५ ग्रॅम फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट विरघळवून त्यात १० ग्रॅम कोळसा घालावा. या मात्रेत साधारण १ ग्रॅम लोह असते. मिश्रण ढवळत राहून सोडियम हायड्रॉक्साइडचे सौम्य द्रावण थेंबाथेंबाने सोडावे आणि पीएच ७ च्या जवळ आला की थांबावे. येथे घाई केली, तर लोह कोळशावर बसण्याऐवजी द्रावणात वेगळे गोळा होते. नंतर कोळसा गाळून, धुतलेले पाणी रंगहीन होईपर्यंत धुवावा आणि ८० अंशांवर वाळवावा. हातमोजे व चष्मा या सर्व कामात आवश्यक आहेत. भूजलातील आर्सेनिक अनेकदा आर्सेनाइटच्या रूपात असते. ते सामान्य पीएचला भाररहित असल्यामुळे आधी क्लोरीनसारख्या ऑक्सिडीकारकाने त्याचे आर्सेनेट करून घेतल्यास परिणाम सुधारतो.

चाचणीसाठी १०० मिलिलिटर दूषित पाण्यात ०.१ ग्रॅम कोळसा टाकून काही तास हलवावे, बारीक गाळणीतून गाळावे आणि उरलेला धातू अणुशोषण उपकरणाने, म्हणजे अणूंनी शोषलेल्या प्रकाशावरून धातूचे प्रमाण सांगणाऱ्या यंत्राने, मोजून घ्यावा. शिशाचे प्रमाण प्रतिलिटर ५० मिलिग्रॅमवरून ८ वर आले असेल, तर पाण्यातून ४.२ मिलिग्रॅम शिसे गेले, म्हणजे कोळशाने प्रतिग्रॅम ४२ मिलिग्रॅम शिसे धरले. सोबत कोळसा न घातलेल्या पाण्याचा नमुनाही ठेवावा. शिशाची चाचणी पीएच ५ च्या सुमारास घेतली, तर अवक्षेपणाचा, म्हणजे धातू आपोआप तळाशी बसण्याचा, गोंधळ टळतो. शुद्ध पाण्यात धातूचा क्षार मिसळून मिळालेला आकडा प्रत्यक्ष पाण्यात सहसा टिकत नाही, कारण कॅल्शियम शिशाशी आणि फॉस्फेट आर्सेनेटशी जागेसाठी स्पर्धा करतात. अंतिम चाचणी म्हणून ज्या पाण्यावर प्रक्रिया करायची तेच पाणी घ्यावे.

जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक मर्यादा शिसे व आर्सेनिक यांसाठी प्रतिलिटर १० मायक्रोग्रॅम, तर कॅडमियमसाठी ३ मायक्रोग्रॅम आहे. वरच्या उदाहरणातील उरलेले ८ मिलिग्रॅम, म्हणजे ८००० मायक्रोग्रॅम, या मर्यादेच्या ८०० पट आहे! म्हणून नव्वद टक्के धातू काढल्याच्या दाव्यापेक्षा उरलेला आकडा महत्त्वाचा मानावा आणि प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय असे पाणी पिण्यास देऊ नये.

वापरलेला साधा कोळसा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन पुन्हा वापरता येतो. लोहाचा थर आम्लात विरघळत असल्याने आर्सेनिक धरलेल्या कोळशासाठी सोडियम हायड्रॉक्साइड वापरावे. धुतलेल्या द्रावणात सगळा धातू एकवटलेला असतो, म्हणून ते द्रावण आणि निकामी कोळसा दोन्ही घातक कचरा म्हणूनच हाताळावेत. तो कोळसा शेतात टाकू नये आणि जाळूही नये.